धुळाप्पामामांची शीळ

नवी पेठेतल्या एका कापडाच्या दुकानात मी तेवीस वर्षं ब्लाउजपीस फाडतो आहे. आठवड्याचे सहा दिवस बायकांना रंग दाखवायचे, मॅचिंग होत नाही म्हणून बोलणी खायची आणि संध्याकाळी गठ्ठे पुन्हा जागच्या जागी लावायचे. रविवारी मात्र मी पक्षी बघायला जातो. हे कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: माळढोक दिसला का? तलावावर फ्लेमिंगो आलेत म्हणे, गेला होतात का? नाही बाबा, नाही गेलो. मी बघतो ते मातीच्या रंगाचे, मुठीत मावणारे, गवतातून तुरुतुरु पळणारे पक्षी. चंडोल, डोंबारी, तीरचिमणी. आमच्या महादेवीच्या मते त्या सगळ्या चिमण्याच. "एक बघितली की झालं की, बाकीच्या काय वेगळ्या असतात?" असं ती मला लग्नापासून विचारते आहे. दिवसभर सतरा छटांचे गुलाबी वेगळे करणाऱ्या माणसाला असं विचारावं, याचा मला अजून राग येतो.

धुळाप्पामामा मला भेटले ते बारा वर्षांपूर्वीच्या एका रविवारी. अक्कलकोट रोडची एमआयडीसी ओलांडली, टॉवेल-चादरींच्या कारखान्यांचा खडखडाट विरला, आणि तिथून दहा-बारा किलोमीटरवर डावीकडे एक गाडीवाट फुटते. पुढे ज्वारीची रानं, आणि रानं संपली की मोठा माळ. कुसळी गवत, दगडगोटे, मधूनमधून एखादी बाभळ. मी दुर्बीण गळ्यात अडकवून चंडोलाचं गाणं ऐकत उभा होतो. हा पक्षी नकला फार करतो. टिटवी, कोतवाल, तितर, ज्याचा आवाज कानावर पडेल तो आपल्या गाण्यात गुंफतो. त्या दिवशी तो वर आभाळात फडफडत होता आणि टिटवीचा आवाज काढता काढता त्यानं एकदम शीळ घातली. माणसाची शीळ. दोन लांब, एक आखूड आणि शेवटी वर उचललेली.

मी चमकून मागं बघितलं. लांबवर साठेक मेंढरं चरत होती. त्यांतल्या निम्म्यांनी माना वर केल्या आणि ती चरायचं सोडून माझ्या दिशेनं चालायला लागली. त्यांच्यामागून एक उंच, वाळका म्हातारा काठी उगारत आला. काठी मेंढरांवर नव्हती, आभाळावर होती.

"आरं ए नकल्या! आता कुटं धा वाजल्यात, आन घराकडं बोलिवतूयास व्हय रं?"

मग तो माणूस कानडीत काहीतरी लांबलचक बोलला. ते कौतुक नसावं, एवढं मला कळलं. त्यानंतर त्यांनी दोन बोटं तोंडात घालून तीच शीळ घातली, आणि फसलेली मेंढरं माझा नाद सोडून त्यांच्याकडे वळली.

"तुमचं काय हरवलंय का, शेठ?" त्यांनी मला विचारलं.

"मी शेठ नाही. शेठच्या दुकानात कापड फाडणारा माणूस आहे."

"व्हय की, शेठ," ते म्हणाले. पुढची बारा वर्षं त्यांनी मला शेठच म्हटलं.

मी त्यांना धुळाप्पामामा म्हणायला लागलो. जन्म माळावरचा, आयुष्य मेंढरांमागं. मेंढरांशी कानडीत बोलायचे, माणसांशी मराठीत, आणि पाखरांना शिव्या दोन्ही भाषांत. त्यांच्या बायकोला, केराबाईंना, हा सगळा प्रकार पाठ होता. दुपारी भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन त्या माळावर यायच्या. मला बघून मामांना म्हणायच्या, "आलं का तुमचं पाखरू हुडकनारं सोबती?" आणि माझ्यासाठी वेगळी भाकरी सोडायच्या. मी घरून डबा नेतो हे त्यांना मी दहा वेळा सांगितलं असेल. ज्वारीची ती भाकरी खाल्ल्यावर माझा डबा परत घरी यायचा आणि महादेवीच्या प्रश्नांना तोंड द्यावं लागायचं.

मी पुस्तकं वाचून पक्षी शिकलो. मामांना पुस्तक ठाऊक नव्हतं, पण माळावरचं एकही घरटं त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. चंडोल जमिनीवरच घरटं करतो, गवताच्या बुंध्याशी, गाईच्या खुराच्या खळग्यात. साठ मेंढरांच्या अडीचशे पायांखाली ते टिकायचं कसं? मामा सकाळी कळपाच्या पुढं एकटे चालत जायचे. मादी पायाजवळून भुर्रकन उडाली की थांबायचे, वाकायचे, आणि घरट्यापासून दोन हात अंतरावर एक मोठा दगड ठेवायचे. कळप दगडाला वळसा घालून जातो, तेवढं पुरे. मला वाटलं, केवढी ही भूतदया! मी तसं बोललो तर ते वैतागले.

"दया कसली वो. अंडी फुटली की मेंढराच्या खुराला चिकाट लागतंय, मुंग्या चढत्यात. मग ते मेंढरू दिसभर पाय झाडत बसतंय."

खरं कारण तेच होतं की नाही, कोण जाणे. पिल्लं उडून गेल्यावर ते दगड उचलून बाजूला टाकायचे, हे मी बघितलेलं आहे. मुंग्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

त्या रविवारांची मला आता फार आठवण येते. उन्हं चढायच्या आधी माळ पिवळा दिसायचा, गवतावर दव असायचं आणि पँट गुडघ्यापर्यंत ओली व्हायची. डोंबारी सरळ वर चढायचा, पंख मिटून दगडासारखा खाली यायचा आणि जमिनीला टेकायच्या आत सावरायचा. मामा म्हणायचे, "ह्ये एक दिशी चुकनार बगा." तो कधी चुकला नाही. आम्ही दोघं एका घोंगडीवर बसून त्याच्या चुकण्याची वाट बघायचो. दोन माणसांनी अर्धा दिवस एवढंच करावं, हे दुकानात कुणाला सांगायची सोय नव्हती.

सहा वर्षांपूर्वी मार्चमध्ये मी फोनवर चंडोलाचं गाणं रेकॉर्ड करायचं ठरवलं. आमच्या पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर कुणाचाच विश्वास बसत नव्हता की चंडोल माणसाची शीळ घालतो. तीन रविवार खपून मला स्वच्छ रेकॉर्डिंग मिळालं. शेजारी ठेवायला असावी म्हणून मी मामांचीही शीळ घेतली. "चंडोल, माळ" आणि "धुळाप्पामामा" अशी नावं देऊन दोन्ही फाइली ठेवल्या. घरी दहा वेळा ऐकल्या, मला काही फरक कळला नाही. पुढच्या रविवारी मी तसं मामांना सांगितलं.

"तुमाला न्हाई कळायचा. बोरीला कळतुया," ते म्हणाले.

बोरी म्हणजे कळपातली थोरली मेंढी, तांबूस तोंडाची. कळप तिच्यामागं चालायचा. मामांनी मला दोन्ही शिळा वाजवायला लावल्या. चंडोलाच्या शिळेला कोकरं आणि तरण्या मेंढ्या उठल्या, बोरी रवंथ करत बसून राहिली. मामांची शीळ लावल्याबरोबर ती ताडकन उठली आणि थेट फोनपाशी येऊन उभी राहिली. फोनकडे बघितलं, मामांकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"जुन्या मेंढ्या पाखराला फसत न्हाईत, शेठ. मानूस वळखत्यात."

इथं माझ्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी. फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलावायचं, हा प्रकार मला मुळीच खपत नाही. बिचारा आपल्या हद्दीत दुसरा नर आला म्हणून जीव खाऊन धावत येतो, आणि हे हौशी लोक त्याचा फोटो काढतात. याच माळावर एका पोराला मी असा झापला होता की तो ट्रायपॉड विसरून गेला. मी स्वतः आजवर एकाही पक्ष्याला फोनवरून बोलावलेलं नाही. याचा मला फार ताठा होता, म्हणून सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी मामांचे पुढचे दात गेले. आधी दोन हलले, मग डॉक्टरांनी आणखी तीन काढायला लावले. मुलानं, भारतनं, कवळी करून दिली. भारत एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहे, तिथंच जवळ दोन खोल्यांत बायकापोरांसह राहतो. कवळीनं मामांना भाकरी चावता यायला लागली, पण शीळ गेली ती गेलीच. कवळी घालून नुसतं फुस्स व्हायचं आणि काढून तेवढंही नाही. त्यांनी बोटं बदलून बघितली, पत्र्याची शिट्टी बघितली. शिट्टीला बोरीनं मानसुद्धा हलवली नाही. हाका मारून कळप वळत नाही. मामा सत्तरीच्या पुढचे, गुडघे दुखायचे, पळून आडवं जाणं जमायचं नाही. वर त्या नकल्याला कुणी आवरणार नव्हतं. भर दुपारी तो शीळ घालायचा, तरणी मेंढरं भलतीकडेच निघायची आणि त्यांना परत बोलावणारी शीळ आता नव्हती. दोनदा मेंढरं लोकांच्या हरभऱ्यात शिरली, गावात बोलाचाली झाली.

भारतनं कळप विकायचं ठरवलं. तो वाईट मुलगा नाही, हे मुद्दाम सांगतो. दोन पाळ्या करून तो रविवारी बापाच्या मदतीला माळावर यायचा. "आप्पा, तुमी पडलासा तर हितं बगनार कोन?" असं त्यानं विचारलं. मामांनी एकच अट घातली: मेंढरं पाळणाऱ्याला द्यायची. व्यापारी म्हणाला, "पाळायलाच नेतोय की." आम्ही सगळ्यांनी ते ऐकून घेतलं. त्या व्यापाऱ्याचा टेंपो कुठं कुठं जातो, हे मामांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

फाल्गुनातला रविवार होता. मी मुद्दाम गेलो होतो. टेंपो एका लिंबाखाली लावला होता, मागची फळी उतरवलेली. मेंढरं जाळीच्या वाघरीत कोंडलेली. मामा टेंपोच्या चाकाला टेकून घोंगडीवर बसले होते, केराबाई त्यांच्यामागं उभ्या होत्या. पहिल्या दोन-तीन मेंढ्या चढवल्या आणि कुणाच्या तरी हातून फळी निसटून दाणकन आपटली. एक मेंढा बिथरला, जाळीत घुसला, जाळीची खुंटी उपटली गेली, आणि बघता बघता सगळा कळप फुटून माळावर पांगला. व्यापाऱ्याची माणसं ओरडत पळाली. त्यांच्या ओरडण्यानं मेंढरं आणखी लांब गेली. अर्धा तास हे चाललं होतं.

व्यापारी चिडला. भारत घामाघूम होऊन परत आला आणि म्हणाला, "आप्पा, बोलवा की."

तो विसरला होता. सवयीनं बोलून गेला. मामांनीही सवयीनं दोन बोटं तोंडात घातली आणि सगळ्यांदेखत हवा सोडली. व्यापाऱ्याची माणसं हसली. मामांनी बोटं काढून धोतराला पुसली आणि खाली बघत बसले.

ते हसणं मला सहन झालं नाही. खरंच सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात एवढंच होतं की या लोकांना दाखवावं, हा माणूस कोण आहे ते. मी टेंपोच्या केबिनपाशी गेलो, ड्रायव्हरचा गाण्यांचा मोठा स्पीकर होता, त्याला माझा फोन जोडायला लावला. दोन फाइली होत्या. चंडोलाची लावली तर थोरल्या मेंढ्या येणार नाहीत, एवढा हिशोबसुद्धा मी केला. मी मामांची शीळ लावली.

दोन लांब, एक आखूड, शेवटी वर उचललेली. अख्ख्या माळावर ती घुमली. माळाच्या पार पलीकडच्या कडेला बोरीनं मान वर केली. मी दुसऱ्यांदा लावली. ती निघाली. धावत नव्हती, नेहमीच्या संध्याकाळच्या चालीनं निघाली होती, आणि तिच्यामागं एकेक करत सगळी आली. व्यापारी तोंड उघडं टाकून बघत होता. मला, लाज वाटते सांगायला, फार अभिमान वाटला.

मेंढरं येऊन मामांभोवती उभी राहिली. बोरीनं त्यांच्या खांद्याला तोंड लावलं. मामांनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. एखाद्यानं झोपेतून उठवावं आणि आपण कुठं आहोत ते कळू नये, तसं बघितलं. मग माणसांनी त्यांच्या हाताखालूनच एकेक मेंढी उचलली आणि टेंपोत चढवली. सोपंच होतं आता, एकही हलत नव्हती. मी काय केलं ते मला तेव्हा कळलं.

मी केराबाईंना न सांगता निघून आलो. पुढचे पाच महिने माळावर गेलो नाही. महादेवीला वाटलं माझा छंद सुटला, तिनं मारुतीला नारळ फोडला. मला रविवारी दुकानातच बसावंसं वाटायचं आणि रविवारी दुकान तर बंद.

श्रावणात भारत दुकानात आला. मुलीसाठी, ऋतुजासाठी, ड्रेसचं कापड घ्यायचं होतं. कापड घेऊन झाल्यावरही तो काउंटरवर रेंगाळला. म्हणाला, "आप्पा-आई आता आमच्याकडंच असत्यात. आप्पांनी बोलावलंय तुमाला. हल्ली नीट जेवत न्हाईत. रोज तुमची आठवन काढत्यात." आठवण कशी काढतात, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

मी त्या रविवारी गेलो. खाली कुणाचे तरी माग, वर भारतच्या खोल्या. जिना चढताना भिंतीला हात लावला तरी थरथर हाताला जाणवत होती. मामा दाराशी खुर्चीवर बसले होते, पायजमा घातलेला. मी त्यांना खुर्चीवर बसलेलं कधी बघितलं नव्हतं. निम्मे झाले होते. केराबाईंनी मला बघून डोळ्यांना पदर लावला आणि चहा ठेवायला आत गेल्या.

"बसा, शेठ."

मी जमिनीवर बसलो. माफी मागायची म्हणून वाटेत वाक्यं जुळवली होती, ती मनातल्या मनात पुन्हा लावत होतो. खाली माग चालू होते, जरा मोठ्यानंच बोलावं लागत होतं.

"एक इचारायचं हुतं," मामा म्हणाले. "रातंदिस त्येच डोक्यात हाय. त्या दिशी तुमच्या फोनमदी कोन हुतं? मी हुतो, का पाखरू?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, गुडघ्यावरच्या आपल्याच हातांकडे बघत होते. पाच महिने हा माणूस त्या खुर्चीत बसून हेच ठरवत होता, की आपल्या मेंढरांना त्या टेंपोपाशी बोलावलं कुणी.

"पाखरू," मी म्हणालो.

"वाजवा बगू."

मी फोन काढला. चंडोलाची फाइल शोधून लावली आणि फोन त्यांच्या कानाशी धरला. पहिल्या स्वरालाच त्यांनी मान हलवली.

"व्हय. ह्यो नकल्याच." त्यांनी लांब श्वास सोडला. "शेवटाला जरा तोडतुया. मी तोडत नव्हतो."

"नाही, मामा. तुम्ही नव्हता तोडत."

मला वाटलं, सुटलो. मग त्यांच्या कपाळावर आठी आली आणि ते आता काय म्हणणार ते मला ठाऊक होतं.

"पर बोरी म्होरं हुती. ती पाखराला कदी फसली न्हाई."

खोटं एकदा बोललो होतो, त्याला जोडून दुसरं सुचत नव्हतं. केराबाई चहाचा कप घेऊन दारात थांबल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटतं, त्यांना सगळं कळलं. त्यांनीही काही बोलून मला सोडवलं नाही.

मामांनी कवळीवरून जीभ फिरवली. दाराबाहेर, समोरच्या कारखान्याच्या पत्र्याकडे बराच वेळ बघितलं.

"वय झालं हुतं तिचं बी," ते शेवटी म्हणाले. "कानानं गेली आसंल बिचारी. व्हय का न्हाई, शेठ?"

"व्हय, मामा," मी म्हणालो.